आधी गव्हाण, मग गाय

छत्रपती शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना एक पत्र पाठवलं. शेतकऱ्याला जनावर देऊन उभं कसं करावं, याचा इतका नेमका विचार त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांत आपल्या सरकारी कागदांत फारसा सापडत नाही. सुभेदारानं गावोगाव स्वतः फिरावं, कुणबी गोळा करावेत, कोणाकडे किती माणूसबळ आणि किती बैल आहेत ते पाहावं. ज्याच्या घरात राबणारे हात आहेत, पण बैल नाहीत, आणि त्यापायी तो अडून बसला आहे, त्याला दोन-चार बैलांचे रोख पैसे द्यावेत. सोबत पोटाला खंडी-दोन खंडी धान्य द्यावं. दिलेल्यावर व्याज लावू नये. त्याला तवानगी येईल तसतसं नुसतं मुद्दल हळूहळू वसूल करावं. यासाठी दोन लाख लारी नाण्यांपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असंही त्यात सांगितलं आहे.

या पत्रात बैलाच्या बरोबरीनं धान्य आहे, हे विसरता कामा नये. ज्याची चूल पेटत नाही तो दावणीचं जनावर पहिल्या अडचणीला विकणार, हे रायगडावर बसलेल्या राज्यकर्त्याला ठाऊक होतं. जनावर, ते जगवण्याची सोय, दम खाणारी वसुली आणि दारात येऊन पाहणारा अधिकारी, या चार गोष्टी तिथं एकत्र आहेत. पुढच्या काळात जिथं जिथं गरिबाला गाय-म्हैस दिली गेली, तिथं या चारांपैकी किती होत्या यावर त्या कामाचं यशापयश ठरलं. आज हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्यासारख्या गावात दुधाळ जनावरं वाटायची असतील, तर हा हिशेब आधी मांडायला हवा.

कुरुंदा हे वसमत तालुक्यातलं मोठं गाव. टोकाईचा डोंगर, देवीचं ठाणं आणि टोकाईच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना ही त्याची ओळख. हा टापू उसाचा, सोयाबीनचा आणि हळदीचा. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद हे शेणखतावर पोसणारं पीक. ज्याच्या दारात जनावर नाही, त्याला लागवडीआधी शेणखत ट्रॉलीच्या भावानं विकत आणावं लागतं. म्हणजे इथल्या दोन-तीन एकरवाल्याला गाय हवी ती केवळ दुधासाठी नव्हे. उकिरडा भरणं हीसुद्धा तिची कमाई आहे.

तरीही दावणी रिकाम्या होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ५४ लाख होती. २०१९ मध्ये ती १ कोटी ३९ लाखांवर आली. सात वर्षांत दहा टक्के घट. याचं खापर सहसा ट्रॅक्टरवर फोडलं जातं, आणि ते काही अंशी खरंही आहे. पण मराठवाड्यात आणखी खोलवर एक बदल झाला, तो पिकाचा. जुनी गावरान ज्वारी पुरुषभर उंच वाढायची. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा एकाच ताटातून मिळायचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. धान्य वाढलं, ताट बुटकं झालं. पुढं सोयाबीन आलं आणि ज्वारीचा पेराच आटत गेला. सोयाबीन रोख पैसा देतं, पण त्याच्या भुश्यावर दुभती गाय निभत नाही. कडब्याची गंज शेतातून उठली, त्याच्यामागोमाग दावणही उठली.

या भागाला जनावरांची जाण कमी नाही. शेजारच्या नांदेडच्या कंधार भागातली लाल कंधारी गाय, लातूरकडची देवणी, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी हे या मातीतले जातिवंत वंश आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही लाल कंधारीचे वळू आणि गोऱ्हे प्रदर्शनात उभे राहतात. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. जाण आहे, वंश आहे, संस्था आहेत. अडतं ते चाऱ्याशी, पाण्याशी आणि बाजाराशी.

चाऱ्याचं दुखणं जुनंच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यानं गावोगावची चराऊ राने गिळल्यामुळे शेतकऱ्याची जनावरं उपाशी मरू लागल्याचं गाऱ्हाणं मांडलं आहे. त्याच सुमारास, १८८४ मध्ये, ब्रिटिश सरकारनं बी-बियाणं आणि बैलांसाठी तगाई देण्याचा कायदा केला. एका हातानं कुरण काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं बैलासाठी कर्ज द्यायचं, असा तो कारभार. हा कायदा तेव्हा निजामाच्या अमलाखालच्या कुरुंद्याला लागू नव्हता. पण पुढच्या राज्यांनीही नेमकी तीच चूक गिरवली.

स्वातंत्र्यानंतर १९७०च्या दशकात अल्पभूधारक आणि शेतमजुरांना संकरित कालवडी संगोपनासाठी अनुदान देणारा विशेष कार्यक्रम आला. १९८० मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला आणि गरिबी हटवण्याचं सर्वांत लाडकं साधन ठरली दुभती म्हैस. बँकेचं कर्ज, सरकारचं अनुदान आणि एक जनावर. कागदोपत्री म्हैस एक आणि लाभार्थी अनेक, असे प्रकार ठिकठिकाणी घडले. पण भ्रष्टाचार बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न उरतोच. तो पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अर्थतज्ज्ञ नीळकंठ रथ यांनी १९८५ मध्ये विचारला. ज्या घराकडे जमीन नाही, चारा नाही, जनावर हाताळण्याचा अनुभव नाही, त्या घराला मालमत्ता देऊन ते गरिबीबाहेर येईल, हे गृहीतच त्यांनी तपासून पाहिलं आणि नाकारलं. सर्वांत गरिबांना आधी हक्काचा रोजगार द्या, असा त्यांचा आग्रह होता. रोजगार हमीचं उदाहरण महाराष्ट्रानंच घालून दिलेलं होतं. रथ यांचं म्हणणं त्या वेळी अनेकांना कडू लागलं, पण पुढच्या घटनांनी ते खोटं ठरवलं नाही.

२००६ मध्ये तर हा धडा कुरुंद्याच्या शेजारीच घडला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात वाशीम होता; त्याला लागून असलेला हिंगोली नव्हता. निम्म्या अनुदानावर जास्त दूध देणाऱ्या गाई वाटल्या गेल्या. कापूस पिकवणाऱ्या, कर्जानं वाकलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात रोजचा ढेपेचा आणि हिरव्या चाऱ्याचा खर्च येऊन उभा राहिला. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या घरांत जाऊन लिहिलं की गाईचं खाणं माणसांच्या खाण्यावर उठलं होतं. गाई विकण्याची, कुणाला तरी देऊन टाकण्याची पाळी लोकांवर आली. पॅकेजमधून हिंगोली वगळल्याचा राग इथं होता आणि तो रास्त होता. पण त्या गाई आल्या असत्या तर कुरुंद्याच्या कोरडवाहू घरांतही याहून वेगळं घडलं नसतं.

त्याच २००६ साली आफ्रिकेतल्या रवांडा या देशानं ‘गिरिंका’ नावाची योजना सुरू केली. प्रत्येक गरीब कुटुंबाला एक गाय, असा तिचा संकल्प. पण गाय मिळण्याआधी त्या कुटुंबानं गोठा उभारायचा, जमिनीच्या तुकड्यावर वैरण लावायची. गाईबरोबर प्रशिक्षण आणि पशुवैद्यक यायचा. पहिली कालवड झाली की ती शेजारच्या दुसऱ्या गरीब कुटुंबाला द्यायची. गैरव्यवहार तिथंही झाले, पण योजनेचा क्रम बरोबर होता. कालवड पुढं देण्याची ही रीत त्याहून जुनी. अमेरिकेतले शेतकरी डॅन वेस्ट यांनी स्पेनच्या यादवी युद्धात उपाशी मुलांना दूध वाटताना ठरवलं की पेलाभर दुधापेक्षा गायच द्यावी. त्यांच्या संस्थेच्या पहिल्या कालवडी १९४४ मध्ये पोर्तो रिकोला गेल्या, याच अटीवर.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. अर्धलीनं जनावर लावायची रीत आपल्या खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्याच्याकडे चार म्हशी आहेत तो एक वगार चारायला माणूस असलेल्या घरी देतो. ती विते तेव्हा किंमत निम्मी-निम्मी होते, किंवा एक वेत याचं, एक त्याचं. या व्यवहारात सावकारी शिरू शकते, शिरलेलीही आहे. पण एक शहाणपण त्यात आहे: पाळणाऱ्याला जनावर लहानपणापासून हाताखाली वाढवायला मिळतं, त्याचा स्वभाव, त्याची खोड, त्याचं पोट कळतं. बाजारातून आणलेली, दोन दिवस टेम्पोत उभी राहून आलेली ताजी व्यालेली गाय ही नवख्या घरासाठी सर्वांत अवघड देणगी. चारा बदलतो, पाणी बदलतं, माणूस बदलतो, आणि पहिल्याच आठवड्यात तिचं दूध आटतं.

दुसरा धडा पुण्याजवळच्या उरुळी कांचनचा आहे. गांधीजींसोबत १९४६ मध्ये तिथं आलेले मणिभाई देसाई मागं थांबले, गीर गाईंचा कळप त्यांनी उभा केला आणि १९६७ मध्ये ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली. जनावरं वाटत सुटण्यापेक्षा शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या आहे त्याच गाईची पुढची पिढी चांगली निपजावी यावर त्यांनी भर दिला. त्यासाठी गोठवलेलं रेत घेऊन माणूस शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागला. गाय माजावर आल्याचा निरोप मिळाला की तो यायचा. कालवड घरच्याच गाईच्या पोटी जन्मायची, घरच्याच चाऱ्यावर वाढायची. संकराचा अतिरेक झाला, स्थानिक वंशांकडे दुर्लक्ष झालं, ही टीका योग्य आहे आणि पुढं देशी वंशांवरही काम सुरू झालं. पण दारात जाणारी सेवा हा त्या कामाचा कणा कोणीही नाकारू शकत नाही.

प्रशिक्षण म्हणजे काय, हे इथंच स्पष्ट करायला हवं. सभागृहात बसवून फीत दाखवणं आणि शेवटी प्रमाणपत्र देणं याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. ते गोठ्यात, जनावराला हात लावून व्हायला हवं. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज जेमतेम अठरा ते चोवीस तास टिकतो. ती हंबरते, दुसऱ्या जनावरावर चढते, काचेसारखा चिकट सोट टाकते. सकाळी हे दिसलं तर संध्याकाळी रेतन करायचं, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हे चुकलं की २१ दिवसांचा चारा फुकट. असे चार-पाच माज चुकले की गाय भाकड म्हणून बाजाराची वाट धरते. माजाची खूण ओळखणारी नजर तयार करणं हे हजारो रुपयांच्या अनुदानाएवढ्या मोलाचं आहे.

धर्माची गाय अन् दात का नाय, असं आपल्याकडे म्हणतात. लाभार्थ्यानं मात्र दात बघायलाच शिकलं पाहिजे. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेली, यावरून वय कळतं; वयावरून पुढं किती वेतं मिळतील ते कळतं. चारही सड पिळून पाहायचे, पहिली धार काळ्या कपड्यावर घेऊन गुठळी आहे का बघायची. कुरुंद्याच्या टापूत ऊसतोडीच्या दिवसांत वाढं मुबलक मिळतं. पण नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या जनावराच्या हाडांतला चुना झिजतो. त्यात असलेलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून वाढ्यासोबत दुसरी वैरण आणि चुन्याची निवळी द्यायची. ही गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात आणि ती न सांगितल्यामुळे गाभण जनावर बसतं. मुरघास कसा भरायचा, दर लिटर दुधामागे सुमारे चारशे ग्रॅम खुराक का लागतो, गोचीड कुठं लपतात, व्यालेल्या गाईचा चीक वासराला पहिल्या दोन तासांत का पाजायचा, हे सगळं असंच गोठ्यात शिकवण्यासारखं आहे.

आणि हे शिकवायचं कुणाला? शेण काढणं, वैरण घालणं, पाणी पाजणं, धार काढणं, आजारी वासराला उशाशी घेऊन रात्र जागणं ही कामं मराठवाड्यातल्या घराघरांत मुख्यतः बाईच करते. अर्ज मात्र पुरुषाच्या नावानं, प्रशिक्षणाला तोच, डेअरीचं खातंही त्याचंच. ज्या हातांनी जनावर जगतं त्या हातांना ज्ञान आणि पैसा न मिळणं हा अन्याय तर आहेच, शिवाय योजनेचं नुकसानही आहे. जनावर, प्रशिक्षण आणि दुधाचं खातं बाईच्या नावानं असावं. गावातले बचत गट आधीपासून उभे आहेत. सुरुवात तिथून करावी.

आता रकमेचं बोलू. राज्याच्या दुधाळ गटवाटप योजनेत दोन जनावरं मिळतात. अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के, इतरांना ५० टक्के अनुदान. गाईची किंमत ७० हजार आणि म्हशीची ८० हजार धरलेली आहे. म्हणजे दोन गाईंसाठी इतर प्रवर्गातल्या अल्पभूधारकाला निम्मे, ७० हजार रुपये, स्वतःचे उभे करावे लागतात. ज्याला ते जमतं तो सर्वांत गरजू नसतो. जो सर्वांत गरजू असतो तो सावकाराकडे जातो. अशा घराला एकदम दोन दुभत्या गाईंऐवजी एक कालवड किंवा वगार आणि वर्षभराचा चारा देणं अधिक न्यायाचं ठरेल. भूमिहीनाला तर शेळ्या बऱ्या. त्या बांधावरचा पाला खाऊन जगतात आणि अडीनडीला एक विकता येते.

जात निवडतानाही भावनेपेक्षा गरज बघावी. लाल कंधारी काटक आहे, उन्हात टिकते, तिचे गोऱ्हे औताला नाव काढतात. पण रोजच्या दूधविक्रीवर घर चालवायचं तर ती पुरी पडत नाही. ज्याला शेणखत, बैल आणि घरापुरतं दूध हवं त्यानं ती ठेवावी, आणि असा वंश सांभाळणाऱ्याला सरकारनं त्यासाठी वेगळी मदत द्यावी. ज्याला दूध विकायचं आहे, घरी पाणी आणि वैरण आहे, त्याच्यासाठी म्हैस किंवा माफक दुधाची संकरित गाय. वीस लिटरची गाय दोन एकरवाल्याच्या दारात बांधणं हा त्याच्यावर केलेला उपकार नव्हे.

जोखीमही मोजायला हवी. २०२२ च्या ऑगस्टपासून लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला. मेलेल्या दुधाळ गाईमागे सरकारनं ३० हजार रुपये दिले, ज्यात दुसरी तशी गाय येत नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अतिवृष्टीचं पाणी कुरुंदा गावात घुसलं. उंचवट्यावरचा गोठा, वेळेवर लस, पहिल्या दिवसापासून विमा, या गोष्टी देणगीचा भाग असल्या पाहिजेत. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे गोऱ्हा आणि भाकड जनावर यांचा भार शेवटी पाळणाऱ्यावरच पडतो. तो भार कोण वाटून घेणार, याचं उत्तर कायदा करणाऱ्यांनी द्यायला हवं होतं, अजूनही द्यावं.

शेवटचा दुवा बाजाराचा. कोल्हापूरला १९६३ पासून ‘गोकुळ’ आहे, वारणा आहे. तिथं फॅट लावून दूध मोजणारा केंद्रचालक आणि दहा दिवसांनी येणारं बिल या गोष्टी गावाच्या सवयीच्या आहेत. मराठवाड्यात असं जाळं विणलं गेलं नाही. जानेवारी २०२४ पासून राज्यानं गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, पण ते संघाला किंवा खासगी डेअरीला घातलेल्या दुधालाच होतं. जिथं संकलन केंद्र नव्हतं, तिथल्या गाईला हे अनुदान पोचलंच नाही. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात आता सगळे १९ जिल्हे घेतले आहेत. हिंगोलीला २००६ मध्ये हुकलेली संधी या वेळी हाताशी आहे.

ती वाया घालवायची नसेल तर क्रम उलटा करावा लागेल. पहिल्या वर्षी वैरण: बांधावर, पाटाच्या कडेला नेपियर आणि दशरथ घासाची लागवड, हळदीच्या रानाला लागून चार गुंठे लसूण घास, आणि रब्बीत पुन्हा थोडी ज्वारी. गायरानाबाबत ग्रामसभेनं बसून ठरवावं. पण पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीनांना उठवून त्यावर कुरण करणं हा मार्ग असू शकत नाही. वैरणीसोबतच बायकांचं गोठ्यातलं प्रशिक्षण आणि गावात संकलन केंद्र. त्यानंतर कालवडी, त्याही जवळच्या बाजारातून, घेणाऱ्यानं स्वतः दात बघून निवडलेल्या. पुढची तीन वर्षं दर महिन्याला दारात येणारा पशुवैद्यक. आणि पहिली कालवड शेजारच्या घराला, म्हणजे देणगी गावातच फिरत राहील आणि ज्यानं ती पाळली तोच पुढच्याचा शिक्षक होईल.

याला वेळ लागेल आणि पहिल्या वर्षी छायाचित्रात दाखवायला एकही गाय नसेल. लोकप्रतिनिधींनी, देणगीदार संस्थांनी आणि पशुसंवर्धन खात्यानं तेवढा धीर धरावा. किती जनावरं वाटली हा आकडा विचारणं आपणही थांबवू या. तीन वर्षांनी त्याच दावणीला किती जनावरं उभी आहेत, हा आकडा कुरुंद्याच्या ग्रामसभेनं दरवर्षी मागावा आणि तो मिळाल्याशिवाय पुढच्या वाटपाला मंजुरी देऊ नये.